वहाणा

आमच्या गावात पानमळ्याला मळा म्हणत नसत,
बरोज म्हणत, आणि वागत घरासारखं.
तागाच्या काड्यांच्या भिंती, वर गवताचं विरळ छप्पर,
आत वेलींच्या रांगा, आणि उजेड असा
जसा माशाला पाण्याखालून दिसत असेल.
बाबा वाकून आत शिरत.
पारोशानं जायचं नाही, वहाणा घालून जायचं नाही,
मोठ्यानं बोलायचं नाही, वेल रुसते.
नऊ वर्षांची होईतो मला एवढाच धर्म ठाऊक होता.

हाशेम गाझीही तो पाळायचा.
दर कार्तिकात काड्या बांधायला येई,
बरोबर तोराब, माझ्या दादाच्या वयाचा.
दोघं नदीत बुडी मारून, ओल्या लुंगीनं
दाराशी उभे राहत, बाबा "या" म्हणेपर्यंत.

त्या माघात झालकाठीच्या धक्क्यावर
सुपारीच्या पोत्यांआधी बातम्या उतरू लागल्या.
कलकत्त्यात अमुक झालं, ढाक्यात तमुक.
पानं मोजणारी आमची जात. ऐंशीची जुडी,
एक कमी भरलं तर गिऱ्हाईक परत येतं.
बातमी घेऊन कुणी परत येत नाही.

जतीनकाका म्हणाले, बारिसालला जाऊन बघून येतो.
त्यांच्याविषयी माझ्यापाशी एवढंच आहे:
आभाळ कोरडं होतं, तरी त्यांनी छत्री नेली.

कुंभारपाड्याकडून धूर आला त्या संध्याकाळी
आम्ही सहाजण बरोजकडे पळालो.
हेमपिशी, बाबांची विधवा बहीण, दारात आडवी.
"पायातलं काढा."
"वन्सं, आता?" आई म्हणाली.
"आत्ताच."
सगळ्यांच्या वहाणा गोळा करून तिनं तळ्यात फेकल्या.

मग आमचं घर पेटल्याचा आवाज.
पत्रा तापला की कण्हतो, हे मला तेव्हा कळलं.
पावलं आली. कोयता काड्यांवरून खरखरत गेला,
करंगळीएवढ्या जाडीची ती भिंत.
"इथं बघ रे," कुणीतरी म्हणालं.
मी फटीतून पाहिलं: दोन पाय, दारात थबकलेले.
उजव्यानं डाव्याची टाच दाबली, डाव्यानं उजव्याची,
आणि वहाणा निघाल्या.
विचार केला असता तर निघाल्या नसत्या.

तोराब वाकून आत आला.
हाताला रॉकेलचा वास.
त्याची नजर आम्हाला मोजत गेली,
बाबा, दादा, मी, आईच्या मांडीवरचं बाळ,
आणि पिशीपाशी अडखळली.
"आंघोळ केलीस?" तिनं कुजबुजत विचारलं.
त्यानं मान हलवली. नाही.
मग वळून बाहेरच्यांना ओरडला,
"कुणी नाही. पानंच आहेत नुसती."
आणि पळाला.

लोक अजून विचारतात, म्हणजे तो चांगला होता ना?
मग घर कुणी पेटवलं?
मला त्याच्या हाताचा वास आठवतो, आणि त्याचे पाय.
त्यापुढे माझी साक्ष जात नाही.

रात्री निघालो तेव्हा दारात त्या वहाणा तशाच.
बाबा थांबले. बराच वेळ थांबले.
मग पाय सरकवले. बोटभर मोठ्या झाल्या.

आगबोट, खुलना, आगगाडी, राणाघाटची छावणी.
पिशीनं ओल्या गोणपाटात वेलीचे तुकडे आणले होते.
धरले नाहीत. इथली माती वेगळी, सगळे म्हणाले.
"मातीचं काही नाही," ती म्हणाली,
"लावले तेव्हा मी चार दिवसांची पारोशी होते."

तंबूला उंबरठा नव्हता, तरी बाबा
त्या वहाणा बाहेर काढून ठेवत,
आणि माणूस ताठ उभा राहील एवढ्या उंच कनातीत
वाकून आत येत.
जाणारी-येणारी एखादी बाई त्या बघून विचारी,
"कोण आलंय हो?"
आई भात उपसता उपसता म्हणे,
"कुणी नाही."